सिरीज की पॅरलल? आधी बिंदूंना नावं द्या

गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या अकरावीतल्या एका मुलानं विचारलंय: "सर, रेझिस्टरची सोपी गणितं जमतात. पण चित्र जरा फिरवून दिलं की कुठं सरळ बेरीज करायची आणि कुठं उलट्यांची, हेच कळेनासं होतं. दुसरं म्हणजे वर्गात वायरचा रेझिस्टन्स शून्य धरतात. मग आमच्या कुळागरातला (पोफळी-नारळांच्या बागेतला) एक एचपीचा पंप दिवसा सुरू होतो आणि संध्याकाळी नुसता घूं घूं करत बसतो, असं का? वायरमन म्हणतो वायर बारीक आहे. घरापासून विहीर १२० मीटर, वायर तांब्याची, दीड एमएमची."

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. मी फोंडा तालुक्यात वायरिंगची कामं करतो आणि शिकाऊ मुलांना हाताखाली घेऊन शिकवतोही. मुलं सूत्राला अडत नाहीत. करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स, हे सगळ्यांना पाठ असतं. सिरीजला बेरीज, पॅरललला उलट्यांची (एक भागिले रेझिस्टन्स, यांची) बेरीज करून ती पुन्हा उलटी, तेही पाठ. अडतं ते त्याच्या आधी. कोण कोणाशी सिरीजमध्ये आहे आणि कोण कोणाला पॅरलल, हे ती नुसत्या नजरेनं ठरवायला जातात आणि तिथंच फसतात.

कागदावर दोन रेझिस्टर शेजारीशेजारी काढले म्हणून ते पॅरलल होत नाहीत, आणि एका रेषेत काढले म्हणून सिरीज होत नाहीत. त्यांची टोकं कुठं बांधली आहेत, तेवढंच बघायचं. म्हणून पेन्सिल घे आणि बॅटरीच्या प्लसपासून सुरुवात कर. कुठलाही रेझिस्टर न ओलांडता, नुसत्या वायरवरून पेन्सिल जिथंजिथं पोचते त्या सगळ्या जागांना एकच नाव दे, समज क. वायर कितीही लांब काढलेली असो, वळणं घेवो, चित्राच्या दुसऱ्या टोकाला जावो, नाव तेच. वर्गात वायरचा रेझिस्टन्स शून्य धरतात त्याचा अर्थ एवढाच की एका वायरवरचे सगळे बिंदू एकाच व्होल्टेजला असतात. मग एक रेझिस्टर ओलांडला की नवीन नाव, ख. असं करत करत बॅटरीच्या मायनसपर्यंत ये. चित्रातल्या प्रत्येक वायरला नाव मिळालं की चित्र बाजूला ठेव आणि फक्त यादी लिही: कुठला रेझिस्टर कुठल्या दोन नावांच्या मध्ये आहे.

आता काम सोपं होतं. दोन रेझिस्टरच्या दोन्ही टोकांची नावं जुळली तर ते पॅरलल. दोघांचं एकच नाव सामाईक असेल आणि त्या नावावर तिसरं काहीच बांधलेलं नसेल, तर सिरीज, कारण एकातून आलेल्या करंटला दुसऱ्यात जाण्यावाचून वाट नाही. एखाद्या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना एकच नाव आलं तर तो शॉर्ट झालेला आहे. त्यातून करंट जात नाही, यादीतून काढून टाक. एखाद्याचं टोक मोकळंच लटकत असेल तर तोही बाद. सिरीजच्या व्याख्येतली "तिसरं काहीच बांधलेलं नसेल" ही अट मुलं विसरतात, आणि माझ्या मते परीक्षेतल्या निम्म्या चुका याच अटीच्या आहेत.

सरळ उदाहरण आधी. १२ व्होल्टची बॅटरी. क आणि ख यांच्या मध्ये ४ ओहम. ख आणि ग यांच्या मध्ये ६ ओहम, आणि ख-ग मध्येच आणखी एक १२ ओहम. ग म्हणजे बॅटरीचा मायनस. ६ आणि १२ यांची दोन्ही नावं सारखी, म्हणून ते पॅरलल. ४ आणि ६ सिरीजमध्ये नाहीत, कारण ख वर १२ सुद्धा बांधलेला आहे. पण ६ आणि १२ ची जोडी एक करून टाकली की उरलेला एक रेझिस्टर ४ बरोबर सिरीजमध्ये येतो. सहा गुणिले बारा ७२, भागिले १८, म्हणजे ४ ओहम. एकूण ८ ओहम. बॅटरीतून करंट १.५ अँपिअर.

पुष्कळ जण इथं थांबतात. खरं गणित इथून मागं जाण्यात आहे. ४ ओहमवर १.५ गुणिले ४, म्हणजे ६ व्होल्ट पडतात. उरलेले ६ व्होल्ट ख-ग मध्ये, आणि ते दोन्ही फाट्यांना सारखेच. मग ६ ओहममधून १ अँपिअर, १२ ओहममधून अर्धा. दोन्ही मिळून दीड, म्हणजे जेवढा आला तेवढाच गेला. करंट वाटेत संपत नाही, तो फक्त फाट्यांमध्ये विभागतो. पहिल्या रेझिस्टरनं थोडा करंट "खाल्ला" आणि उरलेला पुढं गेला, अशी समजूत डोक्यात असेल तर ती आजच काढ. रेझिस्टरवर पडतं ते व्होल्टेज आणि खर्च होते ती ऊर्जा.

उत्तर तपासायला मी नेहमी वॅट मोजतो. ४ ओहममध्ये करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, ९ वॅट. ६ मध्ये ६ वॅट, १२ मध्ये ३ वॅट. बेरीज १८. बॅटरी देते १२ गुणिले १.५, तेही १८. हे दोन आकडे जुळले नाहीत तर कुठंतरी चूक झालीच आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पेपरात जरूर कर.

आता नजर फसवणारं चित्र. एका रेषेत तीन रेझिस्टर, प्रत्येकी ६ ओहम. डावीकडून बिंदू क, ख, ग, घ. क ला बॅटरीचा प्लस, घ ला मायनस. इथवर तिघे सिरीजमध्ये, एकूण १८ ओहम. पण आता क पासून ग पर्यंत वरून एक नुसती वायर आणि ख पासून घ पर्यंत खालून दुसरी. बघताक्षणी काय सुचतं? कोणी म्हणतो मधला शॉर्ट झाला, कोणी म्हणतो दोन शॉर्ट झाले. नावं दे. क आणि ग वायरनं जोडलेत, दोघांचं नाव क. ख आणि घ जोडलेत, दोघांचं नाव घ. यादी लिही: पहिला रेझिस्टर क ते घ. दुसरा घ ते क. तिसरा क ते घ. तिघेही त्याच दोन बिंदूंच्या मध्ये, म्हणजे तिघेही पॅरलल. एकूण ६ भागिले ३, २ ओहम. १२ व्होल्टला करंट ६ अँपिअर, प्रत्येकात दोन. आणि मधल्या रेझिस्टरमधला करंट चित्रात उजवीकडून डावीकडे वाहतो, बाकी दोघांच्या उलट. हे चित्र एकदा स्वतः काढून, नावं देऊन सोडव. नंतर फिरवलेल्या चित्रांची भीती राहणार नाही.

पॅरललमध्ये रेझिस्टन्स कमी का होतो, हेही अनेकांच्या मनात बसलेलं नसतं. आणखी एक रेझिस्टर लावला की अडथळा वाढायला हवा, असं वाटतं. करंट मोजून बघ. १२ व्होल्टवर एकटा ६ ओहम २ अँपिअर घेतो. त्याच दोन बिंदूंवर ३ ओहम आणून लावला तर तो आपले ४ अँपिअर घेतो. पहिल्याला काही फरक पडत नाही, त्याला १२ व्होल्ट मिळतातच आहेत, त्याचे २ चालूच. बॅटरीतून जातात ६. मग बॅटरीच्या दृष्टीनं बाहेर १२ भागिले ६, म्हणजे २ ओहमच आहेत. उलट्यांची बेरीज म्हणजे प्रत्यक्षात या करंटची बेरीज आहे, दुसरं काही नाही. म्हणून पॅरललचं उत्तर त्यातल्या सगळ्यात लहान रेझिस्टरपेक्षा लहानच यायला हवं. मोठं आलं की समज, चुकलं.

"गुणाकार भागिले बेरीज" हे सूत्र फक्त दोघांसाठी आहे, हे लक्षात ठेव. ६, ३ आणि २ ओहम पॅरलल असताना कोणी ३६ भागिले ११ करतो आणि ३.२७ लिहून मोकळा होतो. दोन ओहमपेक्षा मोठं उत्तर, म्हणजे बघताक्षणी चूक. एक षष्ठांश, एक तृतीयांश आणि एक द्वितीयांश यांची बेरीज १ येते, आणि ती उलटी केली तरी १ ओहमच. इथं उलटं करायला विसरलं तरी उत्तर बरोबर येतं, म्हणून सरावाला हे उदाहरण घेऊ नकोस; ६ आणि ३ घे. त्यांची उलट्यांची बेरीज अर्धा येते, उत्तर २.

कधीकधी नावं देऊन यादी केली तरी एकही जोडी सापडत नाही. पाच रेझिस्टर, चार चौकटीच्या बाजूंना आणि पाचवा मधोमध आडवा, हे त्याचं नेहमीचं रूप. याला व्हीटस्टन ब्रिज म्हणतात. मूळ कल्पना सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांची, १८३३ सालची. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती पुढं आणली आणि नाव त्यांचं राहिलं. दोन्ही बाजूंची गुणोत्तरं सारखी असतील तर मधल्या रेझिस्टरची दोन्ही टोकं एकाच व्होल्टेजला येतात, त्यातून करंट जात नाही आणि तो काढून टाकून गणित सोडवता येतं. पाठ्यपुस्तक बहुधा एवढंच विचारतं. पण गुणोत्तर जुळत नसेल तेव्हा काय करायचं, हे तू शिकून घ्यावंस असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात सिरीज आणि पॅरलल या दोन खणांच्या पलीकडचं सगळं येतं.

त्यासाठीचे दोन नियम १८४५ मध्ये गुस्ताव किर्खोफ यांनी मांडले. तेव्हा ते कोनिग्सबर्गला शिकणारे २१ वर्षांचे विद्यार्थी होते, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे. एक: कुठल्याही बिंदूत येणारा करंट जाणाऱ्या करंटएवढा. दोन: कुठल्याही बंद वाटेनं फिरून परत आलं की व्होल्टेजची चढ-उतार शून्य. आपण बिंदूंना नावं दिलेलीच आहेत, आता फक्त प्रत्येक नावापुढं त्याचं व्होल्टेज लिहायचं.

उदाहरण घे. क ला १२ व्होल्ट, घ ला शून्य. क-ख २ ओहम, ख-घ ३ ओहम, क-ग ८ ओहम, ग-घ २ ओहम, आणि मधला ख-ग २ ओहम. ख आणि ग यांचं व्होल्टेज माहीत नाही. त्यांनाच ख आणि ग म्हणू. ख मध्ये क कडून येणारा करंट (१२ − ख) ÷ २. तिथून जाणारे दोन: ख ÷ ३ आणि (ख − ग) ÷ २. येणारा बरोबर जाणारा धरून सहानं गुणलं की ८ख − ३ग = ३६. ग मध्ये येणारे दोन, (१२ − ग) ÷ ८ आणि (ख − ग) ÷ २. जाणारा एक, ग ÷ २. आठानं गुणलं की ९ग − ४ख = १२. दहावीच्या बीजगणितातली दोन समीकरणं. सोडवलीस की ख ६ व्होल्ट, ग ४ व्होल्ट.

पुढं सगळं आपोआप मिळतं. क-ख मध्ये ३ अँपिअर, ख-घ मध्ये २, मधल्यातून ख कडून ग कडे १, क-ग मध्ये १, ग-घ मध्ये २. बॅटरीतून निघाले ३ अधिक १, चार. परत आले २ अधिक २, चार. पूर्ण जाळ्याचा रेझिस्टन्स १२ भागिले ४, तीन ओहम. वॅट जुळतात का? १८, १२, ८, ८ आणि २, एकूण ४८. बॅटरीचे १२ गुणिले ४ तेही ४८. मधला करंट कुठल्या दिशेनं जाईल, हे आधी माहीत नसलं तरी बिघडत नाही. दिशा चुकीची धरलीस तर उत्तराला वजा चिन्ह येईल, एवढंच. आणि ग-घ चे २ ओहम काढून तिथं १२ लावलेस तर २ला ३ तसे ८ला १२ होतात आणि मधला करंट थांबतो. हा बदल करून तूच समीकरणं पुन्हा मांडून बघ. ख आणि ग दोन्ही ७.२ व्होल्ट यायला हवेत.

आता वर्गातून बाहेर येऊ. वर्गातली बॅटरी कितीही करंट काढला तरी १२ व्होल्टच देते. खरी देत नाही, कारण तिच्या आतही रेझिस्टन्स असतो. गेओर्ग ओहम स्वतः याच्यात अडकले होते. ते कोलोनच्या शाळेत शिकवत होते तेव्हा, १८२५ च्या सुमारास, त्यांच्या पहिल्या प्रयोगांत बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, प्रयोग चालू असतानाच घसरायचा आणि आकडे कशाशी जुळायचे नाहीत. मग त्यांनी बॅटरी सोडून तांबं आणि बिस्मथचा थर्मोकपल (दोन धातूंचा जोड, जो तापमानाच्या फरकावर वीज देतो) घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. दाब स्थिर झाला आणि नियम हाती लागला. १८२७ मध्ये तो पुस्तकरूपानं आला. आपल्या पहिल्या उदाहरणातल्या बॅटरीच्या आत अर्धा ओहम धर: एकूण साडेआठ ओहम, करंट १.४१ अँपिअर, आणि बॅटरीच्या टोकांवर १२ ऐवजी सुमारे ११.३ व्होल्ट. आतला रेझिस्टन्स हा सिरीजमधला आणखी एक रेझिस्टर, बाकी काही नवीन नाही.

तुझ्या कुळागरातही हेच चाललंय. तिथं हा आतला रेझिस्टन्स म्हणजे तुमची वायर.

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा एका मीटरला रेझिस्टन्स २० अंश तापमानाला ०.०१७२ ओहम असतो. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, म्हणून आपल्या हवेत ०.०१८ धरावा. लांबीनं गुणायचं, जाडीनं भागायचं. दीड एमएमची वायर म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ दीड चौरस मिलिमीटर. विहीर १२० मीटर, पण करंट जातो आणि परतही येतो, म्हणून तांबं २४० मीटर. इथं मुलं हटकून अर्धं उत्तर देतात. २४० गुणिले ०.०१८ भागिले १.५, सुमारे २.९ ओहम. हे वर्गातलं शून्य नव्हे.

एक एचपीचा सिंगल फेज पंप चालू असताना साधारण ७ अँपिअर घेतो असं धरू. ७ गुणिले २.९, वीस व्होल्ट वाटेतच गेले. २३० मधले वीस गेले तरी फिरता पंप फिरत राहतो. अडचण सुरू होताना येते. थांबलेली मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तर ३५ अँपिअर ओढणारी मोटर धर. म्हणजे त्या क्षणी ती जवळपास ६.६ ओहमसारखी वागते. मोटर म्हणजे शुद्ध रेझिस्टर नव्हे, एसीमध्ये तिच्या कॉइलचा अडथळा वेगळ्या जातीचा असतो, त्यामुळे सरळ बेरीज केली तर वायरमधली घट थोडी जास्त दिसते. पण अंदाजाला हे चालतं, आणि वायर निवडताना थोडं कडक मोजलेलं बरंच.

आता हे तुझं पाठ्यपुस्तकातलंच गणित: ६.६ आणि २.९ सिरीजमध्ये, एकूण ९.५. २३० भागिले ९.५, सुमारे २४ अँपिअर. मोटरच्या टोकांवर २४ गुणिले ६.६, म्हणजे १६० व्होल्टच्या आसपास. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १६० भागिले २३०, त्याचा वर्ग ०.४८. निम्म्याहून कमी जोर. दिवसा तेवढ्यावर तुमचा पंप कसाबसा उचलतो.

संध्याकाळी वाड्यावर सगळीकडे दिवे, फ्रिज, पाण्याच्या मोटरी, मिक्सर चालू होतात. ट्रान्सफॉर्मरपासून तुमच्या घरच्या वीजमीटरपर्यंत येणारी लाइनसुद्धा सिरीजमधला रेझिस्टरच आहे, आणि त्यातून शेजाऱ्यांचाही करंट वाहतो. म्हणून तुम्ही काहीही चालू केलेलं नसलं तरी मीटरवरच व्होल्टेज कमी मिळतं. समज २०५ मिळालं. मग मोटरच्या टोकांवर २०५ गुणिले ६.६ भागिले ९.५, सुमारे १४२ व्होल्ट. जोर ०.३८. पंप घूं घूं करतो आणि फिरत नाही.

चार एमएमची वायर टाकली तर? २४० गुणिले ०.०१८ भागिले ४, सुमारे १.१ ओहम. संध्याकाळच्या त्याच २०५ व्होल्टवर मोटरला २०५ गुणिले ६.६ भागिले ७.७, म्हणजे १७५ व्होल्ट. जोर ०.५८. दिवसा तुमचा पंप ०.४८ वर सुरू होतो, म्हणजे जाड वायरवर संध्याकाळी तो आत्ताच्या दिवसापेक्षाही सहज सुरू व्हायला हवा. तुमच्या वायरमनचं म्हणणं बरोबर आहे. आधी दीड एमएम टाकणाऱ्यानंही आगीच्या दृष्टीनं धोक्याचं काही केलं नव्हतं. ७ अँपिअरला ती वायर तापून वितळत नाही. त्यानं अंतर धरलं नाही, एवढंच. शिवाय आत्ता पंप चालू असताना वायरमध्ये ७ चा वर्ग गुणिले २.९, म्हणजे १४० वॅटच्या वर वीज नुसती उष्णता होऊन जाते, आणि तिचं बिल तुम्हीच भरता. चार एमएमला ती ५४ वॅटवर येईल. स्वस्त पडते म्हणून कोणी ॲल्युमिनियमची वायर सुचवली तर तिचा रेझिस्टन्स त्याच जाडीला तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, हे लक्षात ठेवून जाडी वाढवून घ्या.

वायर बदलण्याआधी वाटेतले जोड मात्र बघायला सांग. पोफळींतून नेलेल्या वायरला मध्ये कुठंतरी पिळून टेप गुंडाळलेला जोड असतोच, आणि आपल्या चार महिन्यांच्या पावसात तो आतून हिरवा-काळा होतो. तिथं अर्धा ओहम जरी तयार झाला तरी ७ अँपिअरला २४.५ वॅट उष्णता त्या बोटभर जागेत. सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॅटची मिळते. वायर पूर्ण लांबीभर १४० वॅट पसरून थंड राहते आणि जोड २४.५ वॅटमध्येच जळतो, याचं कारण हे.

चवथीला दिव्यांची जुनी माळ लावता ना, तिच्यातही एक गोष्ट बघण्यासारखी आहे. छोटे बल्ब सिरीजमध्ये असतात. एक उडाला की सगळी माळ विझते. करंट शून्य झाला, म्हणून चांगल्या बल्बांवर व्होल्टेज पडत नाही, आणि पूर्ण २३० व्होल्ट त्या एका तुटलेल्या जागेच्या दोन टोकांवर येऊन बसतात. माळ विझली आहे म्हणून तिच्यात वीज नाही, असं समजून मखरापाशी उभं राहून बल्ब चाचपणं जिवावर बेतू शकतं. आधी प्लग काढायचा.

मोजमापाचा मीटर (मल्टीमीटर) हातात घेणार असशील तर दोन-तीन गोष्टी. रेझिस्टन्स मोजताना सप्लाय बंद हवा आणि रेझिस्टरचा एक पाय सर्किटमधून सुटा हवा. नाहीतर मीटरला बाकीचे फाटेही पॅरलल दिसतात आणि आकडा कमी येतो. करंट मोजताना मीटर सिरीजमध्ये जातो. करंटच्या जागी पिन ठेवून तोच मीटर बॅटरीला आडवा लावलास तर तो शॉर्ट सर्किट आहे, कारण त्या जागी त्याचा रेझिस्टन्स जवळपास शून्य असतो. व्होल्टेज मोजताना तो पॅरललमध्ये जातो, आणि साध्या डिजिटल मीटरचा रेझिस्टन्स बहुधा १० मेगाओहम असतो. १२ व्होल्टवर एकेक मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावून एकावर मोजलंस तर ६ ऐवजी ५.७ दिसेल. कारण तूच काढ. एक आणि दहा पॅरलल, मग सिरीज.

आणि रेझिस्टर विकत घेताना ओहमबरोबर वॅटही सांग. १२ व्होल्टवर थेट २२० ओहम लावला की त्यात ०.६५ वॅट जातात. दुकानदार न विचारता पाव वॅटचा देतो, आणि तो काळा पडतो. एक वॅटचा माग.

तुझ्या पंपाचं पुढचं पाऊल असं. संध्याकाळी सातच्या सुमारास वायरमनला घरी बोलव. पंप बंद असताना आणि सुरू होण्याच्या क्षणी, दोन्ही वेळा घरच्या वीजमीटरपाशी आणि पंपाच्या टोकांवर व्होल्टेज मोजायला सांग. हे २३० व्होल्टचं काम आहे, तू फक्त आकडे लिहून घे. पंप सुरू होताना दोन जागांमधला फरक साठ-सत्तर व्होल्ट असेल तर वायर आणि जोड. फरक थोडाच पण मीटरपाशीच व्होल्टेज १८० च्या खाली असेल तर लाइनची तक्रार करावी लागेल, जाड वायरनं थोडाच उपयोग होईल. व्होल्टेज दोन्हीकडे ठीक असूनही पंप उचलत नसेल तर मोटरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर बदला, तो स्वस्तात येतो. तोपर्यंत संध्याकाळी पंप लावू नका. अडकलेली मोटर चालू करंटच्या कितीतरी पट घेत राहते, उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, आणि मिनिटाभराचं घूं घूं वाइंडिंग (मोटरच्या आत गुंडाळलेली तार) जाळायला पुरतं. आकडे मिळाले की कळव, मिळून गणित करू.